लाळेतलं कॉर्टिसॉल मोजताना

आमच्या प्रयोगशाळेत रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हॉर्मोन, रोजच मोजलं जातं. नळी येते, बारकोड वाचला जातो, मशीन ती आत ओढून घेतं आणि अर्ध्या तासाच्या आत आकडा पडद्यावर येतो. त्यामुळे पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या परिचारिकांवरचा एक अभ्यास सुरू झाला आणि त्यासाठी लाळेतलं कॉर्टिसॉल मोजण्याची पद्धत बसवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आजूबाजूच्या बऱ्याच जणांना वाटलं की रक्ताऐवजी लाळ, एवढाच काय तो फरक. प्रत्यक्षात रक्ताच्या बाबतीत ज्या गोष्टी कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेल्या असतात, त्या सगळ्या लाळेच्या बाबतीत आम्हाला पहिल्यापासून ठरवाव्या लागल्या. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींचा मशीनशी काही संबंध नव्हता.

मुळात लाळच का, हे आधी सांगते. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं हॉर्मोन सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं हॉर्मोन सोडते आणि ते रक्तातून मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचलं की तिथे कॉर्टिसॉल तयार होतं. रक्तात आलेलं हे कॉर्टिसॉल बहुतेक सगळं प्रथिनांना चिकटून फिरतं. 90 ते 95 टक्के बांधलेलं, त्यातलं बरंचसं सीबीजी नावाच्या प्रथिनाला आणि थोडं अल्ब्युमिनला. उरलेलं पाच-दहा टक्के मोकळं असतं आणि पेशींवर परिणाम करतं ते हे मोकळं कॉर्टिसॉल. रोजच्या रक्तचाचणीत मात्र बांधलेलं आणि मोकळं मिळून सगळं मोजलं जातं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या की यकृत सीबीजी जास्त बनवतं, मग एकूण कॉर्टिसॉल चढलेलं दिसतं आणि मोकळं जवळपास तेवढंच राहतं. गरोदरपणात तर सीबीजी खूपच वाढतं. आमच्या अभ्यासातल्या बहुतेक जणी तरुण होत्या, काही जणी गोळ्या घेत होत्या. रक्तातला एकूण आकडा घेऊन त्यांची एकमेकींशी तुलना केली असती, तर आम्ही ताणाच्या नावाखाली गोळ्या मोजत बसलो असतो.

लाळेत फक्त मोकळं कॉर्टिसॉल झिरपतं. ते मेदात विरघळणारं छोटं रेणू असल्यामुळे लाळग्रंथीच्या पेशींतून सहज पलीकडे जातं, आणि लाळ कमी सुटो की जास्त, तिच्यातल्या प्रमाणावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय सुई नको. सुई टोचण्याच्या भीतीनेच काही माणसांचं कॉर्टिसॉल वाढतं, आणि ताण मोजायला आलेल्या माणसाला आपणच ताण द्यावा हे मला कधीच पटलेलं नाही. तिसरं कारण सगळ्यात मोठं. पहाटे डोळे उघडल्या क्षणी रक्त काढायला घरी कोण जाणार? लाळ ज्याची त्याला घेता येते.

आमच्या वरिष्ठ मॅडमनी या कामाची सुरुवात मशीनपासून करू दिली नाही. किट मागवायचा विषय काढला तर म्हणाल्या, "ते होईल गं. आधी नळीत येणारी लाळ कुठल्या वेळची आणि कशी आलेली असेल ते ठरव. ते नाही ठरलं तर पुढचं सगळं वाया." म्हणून आधी सूचनांचा कागद लिहायला घेतला, आणि तो लिहायचा तर स्वतः लाळ देऊन बघायला हवी होती.

पहाटे उठल्यावर तोंड किती कोरडं असतं हे तोवर कधी लक्षात आलं नव्हतं. दोन पद्धती करून पाहिल्या. एकीत मान खाली घालून, तोंडात साठलेली लाळ एका छोट्या नळीतून कुपीत ओघळू द्यायची. दुसरीत बोटभर लांबीचा बोळा जिभेखाली दोन मिनिटं धरायचा आणि परत नळीत टाकायचा. ओघळलेली लाळ सगळ्यात शुद्ध, तिच्यातून पुढे इतर हॉर्मोन्सही नीट मोजता येतात. पण अर्धवट झोपेत, पाच-दहा मिनिटं मान खाली घालून बसणं हे रात्रपाळी करून आलेल्या बाईकडून रोज होणं कठीण. बोळ्यातही कापसाचा की कृत्रिम धाग्याचा हा प्रश्न होता. कापूस लाळ शोषतो तसा काही पदार्थ धरूनही ठेवतो, टेस्टोस्टेरॉनसारख्या हॉर्मोन्सचे आकडे त्याने बिघडतात, आणि लाळ कमी असेल तर पिळूनही काही निघत नाही. आम्ही कृत्रिम धाग्याचा बोळा घेतला.

कागदावरच्या सूचना वाचायला साध्या होत्या, पण प्रत्येकीमागे कारण होतं. नमुन्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत. ब्रशने हिरडीतून थोडंसं जरी रक्त आलं, तरी रक्तातलं कॉर्टिसॉल लाळेच्या कितीतरी पट जास्त असल्यामुळे आकडा वर जातो. म्हणून गुलाबी दिसणारा नमुना सरळ बाजूला ठेवायचा. ज्येष्ठमध चघळायचं नाही. ही सूचना वाचून सगळ्या जणी थांबायच्या. त्याचं असं आहे की लाळग्रंथींमध्ये एक एन्झाइम असतं, 11-बीटा-एचएसडी-2. ते कॉर्टिसॉलचं रूपांतर कॉर्टिसोन या निष्क्रिय रूपात करतं. ज्येष्ठमधातला घटक हे एन्झाइम अडवतो. मग कॉर्टिसॉल तसंच राहतं आणि शरीरात काहीही न बदलता लाळेतला आकडा वाढतो. खोकला आला म्हणून ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडात धरणारी बाई अहवालात तणावग्रस्त दिसू शकते. या एन्झाइमची आठवण ठेवा, पुढे त्यानेच आमचं एक कोडं सोडवलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वेळेवरच. कॉर्टिसॉल दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे चढत जातं, सकाळी सर्वांत वर असतं, मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. शिवाय जाग आल्यानंतरच्या 30 ते 45 मिनिटांत ते आणखी एकदा झपाट्याने वर जातं. बऱ्याच निरोगी माणसांत ही वाढ 50 टक्के किंवा त्याहूनही जास्त असते. ताणाच्या अभ्यासात या चढणीला फार महत्त्व आहे. पण ती मोजायची तर पहिला नमुना खरोखर डोळे उघडल्याबरोबरचा हवा. पंधरा मिनिटं लोळून मग बोळा तोंडात धरला तर चढण अर्धी होऊन गेलेली असते. मग सुरुवातीचा आकडा मोठा येतो, वाढ छोटी दिसते, आणि आपण म्हणतो की हिची ताणाला प्रतिसाद देण्याची यंत्रणा थकली आहे. आमच्या योजनेत चार नमुने होते, जागं झाल्याबरोबर, 30 मिनिटांनी, 45 मिनिटांनी आणि झोपायच्या आधी.

पहिल्या बैठकीत एका सिस्टरनी विचारलं, "मॅडम, अलार्म वाजतो ती वेळ वेगळी, मी डोळे उघडते ती वेगळी आणि अंथरुणातून उठते ती आणखी वेगळी. कुठली लिहू?"

तिथे बसलेल्या सगळ्यांनाच हा प्रश्न पडला होता. उत्तर ठरलं, डोळे उघडून आता परत झोपायचं नाही असं वाटतं ती वेळ. बोळे आणि पेन उशाशी ठेवायचे. घड्याळातली वेळ लिहायची, 'सकाळ' असं लिहायचं नाही, कारण रात्रपाळीनंतर झोपलेल्या बाईची सकाळ दुपारी चारला होते. वेगवेगळ्या अभ्यासांत बाटलीच्या झाकणात वेळ नोंदवणारी चिप बसवून पाहिलं आहे, आणि माणसं कागदावर लिहितात त्यापेक्षा प्रत्यक्षातली शिस्त ढिली असते हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. यात लबाडी नसते. अपेक्षित वेळ माहीत असली की हात आपोआप तीच लिहितो. आम्ही बोळ्यांच्या डबीला अशी झाकणं लावली आणि ती लावली आहेत हे सगळ्यांना आधीच सांगितलं. मला वाटतं सांगण्यानेच अर्धं काम झालं. शिवाय कागदावर एक ओळ ठळक घातली, 'उशीर झाला तर नमुना टाकू नका, खरी वेळ लिहा.' साडेसातच्या ऐवजी सात बावन्नचा नमुना आम्हाला चालतो, फक्त तो सात बावन्नचा आहे हे कळायला हवं.

नमुने आले की आधी गोठवायचे, हे ऐकून नवीन माणसाला नवल वाटतं. कॉर्टिसॉल तसं टिकाऊ आहे, लाळ काही दिवस साध्या फ्रिजमध्ये राहिली तरी बिघडत नाही. गोठवायचं ते लाळेतल्या चिकट द्रव्यासाठी. ताज्या लाळेत पिपेट घातलं की टोकाला तार धरते, वर उचललं तरी ती तुटत नाही, आणि 25 मायक्रोलिटर म्हणून जे आत आलं त्यात निम्मी हवा असते. उणे 20 अंशांवर गोठवून परत वितळवलं की हे म्युसिन साखळतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की नळीच्या बुडाला पांढुरका गोळा बसतो आणि वर पाण्यासारखी पातळ लाळ राहते. बुडाला हात न लावता वरची उचलायची. मी इथे अजूनही घाई करत नाही. पुढची सगळी अचूकता या एका उचलीवर आहे.

मोजायला आम्ही एलायझा वापरली, म्हणजे अँटिबॉडीने पकडून रंगावरून मोजायची पद्धत. 96 वेल्सची, म्हणजे छोट्या खळग्यांची प्लेट, प्रत्येक वेलच्या तळाला कॉर्टिसॉल पकडणाऱ्या अँटिबॉडीज चिकटवलेल्या. मोठं प्रथिन असतं तर त्याला दोन बाजूंनी दोन अँटिबॉडीज पकडू शकल्या असत्या. कॉर्टिसॉलचा रेणू फार छोटा, त्याचा रेणुभार 362, त्यावर दुसऱ्या अँटिबॉडीला जागाच नाही. म्हणून इथे स्पर्धा लावतात. किटमध्ये एन्झाइम जोडलेलं कॉर्टिसॉल मिळतं. ते ठरलेल्या मापाने घालायचं आणि त्याबरोबर लाळ. खेळ संगीतखुर्चीचा, खुर्च्या मोजक्या आणि बसणारे जास्त. लाळेत कॉर्टिसॉल जितकं जास्त तितक्या खुर्च्या ते अडवतं आणि एन्झाइमवालं बाहेर राहतं. तासाभराने प्लेट धुतली की बाहेर राहिलेलं सगळं निघून जातं. मग टीएमबी नावाचं रंग देणारं द्रव्य घालायचं. एन्झाइम असेल तिथे निळा रंग चढतो. आम्ल घालून क्रिया थांबवली की निळ्याचा पिवळा होतो आणि रीडर तो 450 नॅनोमीटरला वाचतो.

म्हणजे गडद पिवळं वेल हे कमी कॉर्टिसॉलचं. एखाद्या बाईचे चार नमुने शेजारी शेजारी असले की डोळ्यांनीच कळतं, झोपण्याआधीचं वेल हळदीसारखं आणि जाग आल्यानंतर अर्ध्या तासाचं जेमतेम फिकट. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रीडरमध्ये प्लेट घालायची थांबून बघत राहिले. एका शरीराचा अख्खा दिवस त्या ओळीत होता.

डोळ्यांना दिसतं त्याचा आकडा करायचा तर माहीत असलेल्या तीव्रतेचे स्टँडर्ड्स त्याच प्लेटवर हवेत. त्यांच्या रंगावरून वक्र काढायचा आणि नमुन्याचा रंग त्या वक्रावर शोधायचा. ही रेघ सरळ नसते, ती इंग्रजी एससारखी वळते, आणि दोन्ही टोकांना ती इतकी सपाट होते की रंगातल्या किंचित फरकाने आकडा खूप हलतो. मध्यरात्रीची लाळ नेमकी अशा टोकाला पडते. तिथलं कॉर्टिसॉल इतकं कमी असतं की पद्धतीची हद्द जिथे संपते तिथेच आपलं मोजमाप सुरू होतं. म्हणून पद्धत बसवताना सगळ्यात जास्त मेहनत खालच्या टोकावर घेतली. एकच कमी तीव्रतेचा नमुना पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्लेटवर, वेगवेगळ्या हातांनी मोजला. कुठल्या आकड्याखाली आम्ही आकडा देणार नाही, फक्त 'याहून कमी' असं लिहिणार, ते त्यावरून ठरवलं. प्रत्येक नमुना दोन वेल्समध्ये घातला आणि दोघांतली तफावत 10 टक्क्यांहून जास्त आली तर तो परत लावला. कडेच्या वेल्स मधल्यांपेक्षा लवकर तापतात, म्हणून प्लेट आधी खोलीच्या तापमानाला आणणं आणि वर झाकण लावणं यात कधी सूट दिली नाही. एका बाईचे सगळे नमुने एकाच प्लेटवर ठेवले, म्हणजे निदान तिची तिच्याशी तुलना प्लेटच्या फरकामुळे बिघडणार नाही.

या सगळ्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो मॅडमच्या तोंडून ऐकायला मजा यायची. 1950 मध्ये पोर्टर आणि सिल्बर यांनी फेनिलहायड्राझीन आणि सल्फ्युरिक आम्ल घालून येणारा पिवळा रंग मोजायची रीत काढली. ती कॉर्टिसॉल एकट्याला ओळखत नसे, त्याच्यासारखी रचना असलेल्या सगळ्या स्टेरॉइड्सना एकत्र मोजत असे. मग रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून स्पर्धेची युक्ती काढली, रेडिओइम्युनोअ‍ॅसे, आणि रक्तातल्या अतिसूक्ष्म प्रमाणातल्या हॉर्मोन्सचं दार उघडलं. यालोंना 1977 मध्ये नोबेल मिळालं. बर्सन 1972 मध्येच वारले होते. 1971 मध्ये एंगव्हाल आणि पर्लमन यांनी किरणोत्सारी खुणेच्या जागी एन्झाइम आणलं आणि एलायझा आली. आज मी हातमोजे घालून बिनधास्त प्लेट धुते, ते त्यामुळे.

अँटिबॉडीची एक अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे. ती रेणूचा आकार ओळखते, आणि सारख्या आकाराचे रेणू तिला फसवतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध घेणाऱ्या माणसाचं कॉर्टिसॉल बऱ्याच किट्समध्ये खोटंच जास्त येतं. लाळेत तर कॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलपेक्षा जास्त असतं, आणि अँटिबॉडीने त्याला थोडं जरी धरलं तरी बेरीज वाढते. आमच्या एलायझाचे आकडे किती चढे आहेत हे कळायला दुसरी, अँटिबॉडीशिवायची पद्धत हवी होती. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र, असलेल्या विभागात काही नमुने घेऊन गेले.

तिथली रीत वेगळी. लाळेत आधी थोडं जड कॉर्टिसॉल घालतात, ज्यातल्या चार हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचंच जड रूप, आहे. पुढे अर्क काढताना, वाळवताना, परत विरघळवताना जे काही वाया जाईल ते दोघांचंही सारखंच जाईल, त्यामुळे शेवटी दोघांचं गुणोत्तर बघितलं की मूळ प्रमाण कळतं. ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. नुकसान टाळता येत नाही म्हणून त्याला मोजमापातच सामावून घ्यायचं. मग अर्क बारीक स्तंभातून जातो, घटक एकामागून एक बाहेर पडतात, विद्युतभारित होतात, आणि यंत्र 363 वस्तुमानाचा आयन निवडून, फोडून, त्यातला 121 चा तुकडा मोजतं. कॉर्टिसोनसाठी 361 आणि 163. स्तंभाचं काम मला आधी दुय्यम वाटायचं, पण प्रेडनिसोलोन आणि कॉर्टिसोन यांचं रासायनिक सूत्र एकच आहे, वजन अगदी तेच. निव्वळ वजनावर ते वेगळे ओळखू येत नाहीत. कोण आधी बाहेर पडलं आणि फुटल्यावर कसे तुकडे झाले यावरूनच ओळख पटते.

तुलनेत एलायझाचे आकडे अपेक्षेप्रमाणे चढे निघाले, पण चढ-उताराचा क्रम तोच होता. म्हणजे दिवसभराचा आलेख काढायला एलायझा पुरेशी, पण तिच्या आकड्याला दुसऱ्या पद्धतीची सीमारेषा लावायची नाही. हे रक्ताच्या अहवालांनाही लागू आहे. एका प्रयोगशाळेत मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरीत नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला 27.59 ने गुणलं की दुसरा येतो, पण पद्धतच वेगळी असेल तर नुसत्या गुणाकाराने तुलना होत नाही. आणि केसांसाठी म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देताना ते जरूर सांगा. बऱ्याच मशीनमधल्या चाचण्या बायोटिनच्याच जोडणीवर चालतात, आणि स्पर्धेवर आधारलेल्या चाचणीत त्याने आकडा खोटा वर जातो.

आता ते कोडं. एका सिस्टरच्या झोपण्याआधीच्या नमुन्याचं वेल पूर्ण कोरं आलं, रंगच नाही. वक्राच्या वरच्या टोकाच्याही पलीकडे. पातळ करून परत लावला तरी सकाळच्या आकड्याच्या कितीतरी पट. रात्री उशिराच्या लाळेत जास्त कॉर्टिसॉल सापडणं ही साधी गोष्ट नव्हे, कुशिंग सिंड्रोम, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याचा आजार, शोधायच्या पहिल्या चाचण्यांपैकी ती एक आहे. पण तिच्या बाकीच्या रात्री अगदी नेहमीसारख्या होत्या. अँटिबॉडी फसली असेल म्हणून नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर गेला. तिथेही तेच, खरंखुरं कॉर्टिसॉल, भरपूर.

मॅडमनी कागद बघितला आणि विचारलं, "कॉर्टिसोन किती आहे?"

कॉर्टिसोन अगदी नेहमीएवढं होतं. आणि तिथेच उलगडा होता. रक्तात कॉर्टिसॉल वाढलं असतं तर ते लाळग्रंथीतून येताना त्या एन्झाइमच्या हाती लागलं असतं आणि कॉर्टिसोनही त्याच्याबरोबर वाढलं असतं. इथे कॉर्टिसॉल एकटंच वाढलं होतं, म्हणजे ते ग्रंथीतून आलेलंच नव्हतं. बाहेरून पडलं होतं.

मी सिस्टरना फोन केला. कुठलं मलम लावता का, असं विचारलं.

"मी नाही हो मॅडम. बाळाच्या मानेवर पुरळ आहे, त्याला लावते. रात्री त्याला झोपवताना."

हायड्रोकॉर्टिसोनचं मलम. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजेच कॉर्टिसॉल, औषधाच्या दुकानातलं नाव तेवढं वेगळं. एक टक्क्याच्या मलमात ग्रॅमला दहा मिलिग्रॅम. लाळेतलं प्रमाण त्याच्यापुढे इतकं नगण्य की बोटाला राहिलेला पुसटसा थरही पुरतो. दिवसभर दमलेल्या बाईने बाळाला झोपवलं आणि त्याच हाताने बोळा नळीतून काढून जिभेखाली ठेवला. कुठलंही यंत्र हे ओळखू शकलं नसतं, कारण यंत्राने मोजलं ते खरंच कॉर्टिसॉल होतं. त्यांना काळजी वाटू नये म्हणून मी सगळं सविस्तर समजावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाळाच्या मलमाचा, ते लावायचं थांबवू का? नाही, ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लावा, फक्त बोळ्याला बोट लावू नका, नळी तोंडाशी धरून थेट तोंडात पाडा.

त्यानंतर सूचनांच्या कागदात 'तुम्ही किंवा घरातलं कोणी' असं करून मलम, दम्याचा पंप, नाकातला फवारा, सांध्यातलं इंजेक्शन असं सगळं विचारायला लागलो. आणि रात्रीच्या प्रत्येक वाढलेल्या नमुन्याचं कॉर्टिसोन बघितल्याशिवाय आकडा पुढे पाठवत नाही. माझ्या मते लाळेची चाचणी देणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने, जमत असेल तर, दोन्ही आकडे द्यावेत. एका चुकीच्या रात्रीच्या आकड्यावरून माणूस स्कॅनपर्यंत जाऊन पोचतो.

अभ्यासाच्या एका छोट्या भागात लघवीतलं अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनही मोजायचं होतं. रक्तात ताणाची ही दोन्ही हॉर्मोन्स दोनेक मिनिटांत निम्मी होतात, सुई बघूनच उसळतात, म्हणून लघवीत 24 तासांची बेरीज घेणं जास्त शहाणपणाचं. उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून सगळी एका बाटलीत, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून. बाटलीत आधीच हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, नाहीतर ही हॉर्मोन्स हवेने बिघडतात. ते अंगावर उडू नये म्हणून वेगळ्या भांड्यात घेऊन मग ओतायचं, हे प्रत्येकीला तोंडी सांगितलं. लघवीतून रोज साधारण सारखंच जाणारं क्रिएटिनिन मोजून दिवसभराची सगळी लघवी बाटलीत आली आहे का याचा अंदाज घेतला. यापुढचं काम एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर दुसऱ्यांनी केलं, त्यात माझा हात नव्हता.

अभ्यास संपत आला तेव्हा बैठकीत वेळेचा प्रश्न विचारणाऱ्या त्या सिस्टर प्रयोगशाळेत आल्या. त्यांना आपला आकडा हवा होता. "मला ताण आहे की नाही, तेवढं सांगा."

आकडा एकटा सांगता येत नाही हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांचे दोन आलेख पुढे ठेवले, एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीच्या आठवड्यातला. पहिल्यात जाग आल्यानंतरची चढण स्पष्ट होती आणि रात्री रेघ तळाला टेकली होती. दुसऱ्यात चढण बुटकी होती आणि झोपायच्या वेळचा आकडा पुरता उतरलेला नव्हता. रात्रभर जागून सकाळी आठला झोपायला जाणाऱ्या बाईचं शरीराचं घड्याळ अजून सकाळच समजत असतं, त्यामुळे तो आकडा वर असणं साहजिक आहे, त्यावरून आजार ठरत नाही. त्यांनी दुसरा आलेख बराच वेळ बघितला. मग एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "या दिवशी मी झोपलेच नव्हते. मुलाची शाळा होती. अकरापर्यंत जागी होते, मग पडले."

तुमच्या कागदावर हे विचारलेलंच नाही, असंही त्या म्हणाल्या. पुढच्या गटासाठी छापलेल्या कागदावर आता एक रकाना आहे, 'याआधी शेवटचं कधी आणि किती वेळ झोपलात'. तो भरून आला नसेल तर आम्ही नमुना लावायच्या आधी फोन करतो.